पुरणार किती वर्षं?

रामहरी पाव्हण्यांना पाथर्डीहून तुमच्या दाजींचा रामराम.

तुमची कंबर काय म्हणते? म्हशीखाली धारेला बसू नका, असं तुमच्या माधुरीबाई सांगतात ते जरा ऐकत जा. (फोन का केला नाही म्हणाल, तर तुमची बहीण शेजारीच बसलेली असते.)

तर झालं असं. सत्तरीपुढच्यांना सरकारनं पाच लाखांपर्यंत फुकट उपचाराचं कार्ड दिलंय, त्याचं शिबिर आमच्या शाळेत भरलं. तुमच्या चांगुणाचं निघालं, माझंही निघालं. चहा पिऊन गप घरी यावं की नाही? पण माझ्या डोक्यात किडा वळवळला. साहेबांना विचारलं, म्हातारी माणसं वाढत चाललीत, कमावती पोरं घरटी एक (आमच्या गल्लीत पाळणा हलून जमाना झाला), मग हे पैसे पुरणार किती वर्षं? साहेब म्हणाले, वरून तरतूद असते. वर म्हणजे कुठं, असं विचारल्यावर त्यांनी घड्याळ बघितलं. निव्वळ चौकशी हो, दुसरं काही नाही!

पण आपल्या लोकांनी पतसंस्था बुडताना पाहिल्यात. माझ्या नावानं 'कारभारी म्हणतोय पैसं संपत आलं' अशी आवई उठली अन् सकाळी सगळं म्हातारं गाव दवाखान्याला जायला टेम्पोत! शेजारच्या गहिनीनाथाला काडीचा आजार नाही, तरी तो म्हणाला, बुडायच्या आधी एखादं ऑपरेशन पदरात पाडून घेतो. डॉक्टरांनी तपासून हाकलला, तेव्हापासून मला शिव्या घालतोय.

टेम्पोत चढली नाही ती एकटी तुमची बहीण. तिची हृदयाची झडप याच कार्डावर बदलायचीय, डॉक्टरांनी तारीखसुद्धा दिलीय. तर म्हणते, "पुरत न्हाई म्हनता ना? मंग वाढप्याचा हात आखडल्यावर मी कशाला ताट पुढं करू? पोराबाळांना ऱ्हाऊ द्या." काही बोलायला गेलो की, "तुमीच तर इचारलं हुतं!" आता चुलीपासून अंगणापर्यंत जाताना मधेच खाली बसते. पाव्हणं, मला लई भ्या वाटतंय.

तुम्ही दूध सोसायटीचे सेक्रेटरी होता. हे पैसे येतात कुठून अन् टिकतील कुठवर, ते सविस्तर लिहून कळवा.

तुमचा दाजी,
कारभारी

ता.क. लिहू नका, उद्याच्या एसटीनं स्वतः या. तिला तुमचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. सांगा, पैसा बक्कळ हाय, शंभर वर्षं हलत नाही.

ता.क. दुसरा. खरं काय ते मला कळायलाच हवं, त्याबिगर झोप येणार नाही. पण ती ऑपरेशन करून घरी येऊन मला दोन शिव्या घालीस्तोवर अवाक्षर काढू नका.