घमेल्यात उरलेली माती

हे लिहायला फार उशीर झाला, त्याबद्दल आधीच माफी मागतो. मृत्युपत्राची सुरुवात माफीने करत नाहीत, असे वकीलबाई म्हणाल्या. पण उशीर सव्वीस वर्षांचा आहे. तो कुठल्याच कलमात बसेना, म्हणून वरच ठेवला.

मी, माती परीक्षण प्रयोगशाळेतला निवृत्त नमुनेवाला, वय शहात्तर, शिक्षण सातवी, हे माझ्या हाताने, कोणाच्या दबावाशिवाय लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. येत्या बारा तारखेला माझे पोटाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. तरी काळजी करतो, कारण दुसरे काही मला नीट जमत नाही.

कलम १. राहते घर पत्नी असेपर्यंत पत्नीचे, तिच्यानंतर मुलाचे. मागच्या खोलीचे छत गळते, हे मुलाला माहीत आहे. बँकेत जे काही असेल ते पत्नीचे. त्यात कोणी तोंड घालू नये.

कलम २. माझी हत्यारे: कुदळ, फावडे, माती काढायचे गिरमिट आणि प्लास्टिकचे घमेले. ही सगळी भाचीला, म्हणजे धाकट्या बहिणीच्या मुलीला. लोखंडी पहार यादीत नाही, कारण ती अकरा वर्षांपूर्वी शेजारच्या बांधावरच्या काडीपेटीने नेली. त्याला हे नाव मीच ठेवले. पीक निघाले की तो धसकटे पेटवून देतो आणि वर म्हणतो, शेत स्वच्छ झाले. शेत स्वच्छ होत नाही, उपाशी राहते. धसकटे कुजून मातीत गेली असती तर तिच्या पोटात काही पडले असते. पहार त्यालाच राहू द्यावी. मागायला गेलो की भांडण होते आणि माझे पोट दुखते.

कलम ३. माझी दीड एकर जमीन, विहिरीच्या अर्ध्या हिश्श्यासह, मी माझ्या धाकट्या बहिणीला देतो.

हे वाचून मुलाला वाईट वाटेल. धाकटीला आनंद होईल, तो पुढचे वाचेपर्यंत टिकेल. म्हणून कारण इथेच लिहितो. पत्नी म्हणते, "आधी तोंडाने सांगा, मग कागदावर लिहा." तोंडाने होत नाही. तीन वेळा धाकटीच्या दारापर्यंत जाऊन आलो, तिन्ही वेळा तिने जेवायला वाढले.

शेतातल्या मातीचा नमुना काढायचा म्हणजे शेतभर नागमोडी चालत नऊ ठिकाणी वीतभर खोल खड्डा घ्यायचा. नऊ खड्ड्यांची माती घमेल्यात कालवायची, तिचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे. उरलेली पुन्हा कालवायची, पुन्हा दोन भाग टाकायचे, शेवटी अर्धा किलो कापडी पिशवीत. आत चिठ्ठी, बाहेर चिठ्ठी. हे मी हजारो वेळा नीट केले आहे.

धाकटीच्या शेताचा नमुना मी काढलाच नाही. त्या दिवशी तिच्याकडे जेवलो, ओसरीवर पडलो, उठलो तेव्हा ऊन कलले होते. शेताच्या खालच्या अंगाला चिखल होता. मनात म्हटले, घरचेच शेत आहे, मला ठाऊक आहे. आधीच्या शेतातली टाकून द्यायची माती घमेल्यात तशीच होती. ती तिच्या पिशवीत भरली आणि माझ्या अक्षरात तिच्या नवऱ्याचे नाव लिहिले.

प्रयोगशाळेतल्या साहेबांना शंका आली. दोन्ही पिशव्यांचे आकडे सारखेच येत होते. त्यांनी मला बोलावून विचारले, "खरं सांग, या दोन पिशव्या एकाच शेतातल्या का?" मी आईची शपथ घेऊन नाही म्हणालो. माणूस भला, त्याने विश्वास ठेवला.

अहवाल गेला: क्षार नाहीत, निचरा उत्तम, पाणी द्यायला हरकत नाही. मेहुण्यांनी पाणी दिले, भरपूर दिले. पाणी खाली जिरेना. ते वर यायचे, उन्हात उडून जायचे आणि क्षार मागे ठेवायचे. तिसऱ्या वर्षी शेतावर पांढरी बुरशी आल्यासारखे दिसू लागले, पाचव्या वर्षी गवतही उगवेना. मेहुण्यांनी तक्रार केली. चौकशीत मला विचारले, तेव्हा मी सांगितले की नियमाप्रमाणे नऊ खड्डे घेतले. दोष साहेबांवर आला आणि त्यांची दूरवर बदली झाली. मेहुणे गोदामावर रखवालदार झाले आणि तिथेच खुर्चीत बसल्या बसल्या गेले. भाची आज रोपवाटिकेत दुसऱ्यांच्या पिशव्यांत माती भरते.

आणि धाकटे, तू आजही चारचौघांत म्हणतेस की साहेबांनी घोळ केला, आमच्या दादाने मात्र मन लावून माती काढली होती. त्यापेक्षा तू शिव्या दिल्या असत्यास तर मला झोप लागली असती.

ही दीड एकर मी निवृत्तीनंतर घेतली तेव्हा ढेकूळ हातात फुटत नव्हते. आता मूठभर उचलली तर गांडूळ सापडते. लोक म्हणतात, हौस आहे. हौस नाही.

कलम ४. जमीन कशी ठेवावी. साहेब सांगायचे की चांगल्या मातीत निम्मी जागा हवेची आणि पाण्याची असते. म्हणून ओली असताना नांगर किंवा ट्रॅक्टर घालू नये, ती दबते आणि गुदमरते. उघडी ठेवू नये, काहीतरी पांघरूण असावे, नाहीतर वारा आणि पाणी तिला घेऊन जातात. दरवर्षी तेच पीक नको, मधे एखादे द्विदल असावे. खत अंदाजाने टाकू नये. धाकटे, तुझ्या जुन्या शेताला खालच्या अंगाने चर खण, पाण्याला वाट मिळाली तर काही वर्षांत ते थोडे सुधारेल. जिप्सम घालायचे की नाही, ते तपासल्यावर ठरव. नमुना दुसऱ्या कोणाकडून काढून घे.

कलम ५. मुलाविषयी. तो वाईट नाही. त्याने वीटभट्टीवाल्याशी बोलणी केली आहेत, या दीड एकरातली वरची हातभर माती द्यायची. मी नको म्हणालो तर म्हणतो, "बाबा, वरची काढली तर खाली काय भाकऱ्या आहेत? तीही मातीच ना?" त्याला कसे सांगू? बोटभर थर तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात, पिकाचे सगळे खाणेपिणे त्या वरच्या थरात असते. खाली आहे तो मुरूम. माझा मुलगा, आणि त्याला मी हे कधी शिकवले नाही. ही चूकही माझीच.

धाकटीने जमीन नाकारली तर ती मुलाला जाईल, माती न उचलण्याच्या अटीवर. वकीलबाई म्हणाल्या, "अट घालता येते, आजोबा. पण माती एकदा गेली की ती अट कोण परत आणून पसरणार?"

कलम ६. साहेबांना मी काहीच देत नाही. साक्षीदाराला देता येत नाही, आणि मला साक्षीला तेच हवे होते. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, पण मी वाचायला लावला. (इथून पुढच्या ओळी सह्या झाल्यावर लिहिल्या.) त्यांनी दोनदा वाचला. चष्मा पुसला. म्हणाले, "मी तुला विचारलं होतं." मी म्हटले, हो. मग म्हणाले, "तू शुद्धीत आहेस एवढ्यावरच सही करतोय. माफीबिफी यात धरू नकोस." आणि सही केली. चहा घेतला नाही.

सही: (नमुनेवाला)
साक्षीदार १: सही (प्रयोगशाळेचे निवृत्त साहेब)
साक्षीदार २: सही (शेजारचे शिंपी. यांनी मजकूर वाचलेला नाही.)
ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: ३ मार्च

ता. क. धाकटे, याची एक प्रत तुला आजच पाठवत आहे. मी गेल्यावर वाचायला मिळाली असती तर मी पुन्हा पळालो असे झाले असते. जमीन घेतलीस म्हणून मला माफ केलेस, असा अर्थ मी काढणार नाही. नको असेल तर तसे सांग, म्हणजे बारा तारखेआधी कलम ५ बदलून मला ती माती सांभाळणारे दुसरे कोणी शोधता येईल. फोन केलास तर मीच उचलेन. पत्नीने बजावले आहे की हा फोन ती घेणार नाही, जे काय असेल ते तुमच्या कानांनी ऐका. दिवसभर फोनजवळ बसून आहे. हो की नाही, लवकर कळव.