मी येईन खरं

सातारा, १२ फेब्रुवारी १९४६

चिंतामणराव यांना,

सप्रेम नमस्कार. तर 'ऑनेस्ट'वरून आपलं बोलणं अर्धंच राहिलं होतं. सांगलीला कृष्णेच्या घाटावर तुम्ही विचारलंत, याला मराठीत काय म्हणाल? मी पडले इंग्रजी शाळेतली. इथे आल्यापासून घरात सगळ्यांना छळतेय.

नारायणकाका म्हणाले, 'प्रामाणिक' घे. प्रमाणावरून आलाय, ज्याला पुरावा असतो तो. मला नाही आवडला, कोर्टात उभं राहिल्यासारखं वाटतं. 'इमान' अरबीतून आलाय, मूळ अर्थ श्रद्धा. तो मात्र मनात घोळवत गच्चीवर खूप वेळ फिरले. मग 'खरा'. काका म्हणाले, "संस्कृतात खर म्हणजे टणक. गाढवालाही खरच म्हणतात!" इतकी हसले मी.

रविवारी बाबा कोट घालून ओसरीत बसून होते. आईनं पोहे परत गरम केले. उन्हं किल्ल्यामागे गेली तेव्हा तिनं मला विचारलं, "मागणी घालायला येतो, असं म्हणाले होते ना नक्की?"

"अगदी याच शब्दांत म्हणाले, 'मी येईन खरं.'"

आमच्या धोंडुबाई तुमच्या सांगलीकडच्याच, पलूसच्या. भांडी घासता घासता थांबल्या. "आवं ताईसाब, म्होरं काय म्हनलं?"

"पुढे कशाला? खरं म्हणाले ना!"

"आमच्याकडं 'खरं' म्हंजी 'पण'. मी येतो खरं पाय दुखतोय, असं. निम्मंच ऐकलासा की तुमी!"

तेव्हापासून मी त्या घाटावरच आहे. पाण्यावर धुकं, पलीकडे कुणीतरी म्हैस धूत होतं. तुम्ही 'खरं' म्हणालात आणि मी, "मग रविवारी या, बाबांना सांगते," म्हणून पळालेच. वळून पाहिलं तर तुम्ही हात वर केला होता. मला वाटलं, निरोप देताय. थांब म्हणत होतात का हो?

वाईहून मला सांगून आलंय, त्या मंडळींना बाबांनी अजून होकार कळवलेला नाही. तुमच्यासाठीच. शुक्रवारी मात्र कळवणार आहेत.

मी रागावलेले नाही. पुढचं वाक्य कसंही असो, मला तुमच्याच तोंडून ऐकायचंय. तब्येत, नोकरी, तुमच्या आईंचा नकार, की मीच? मी सगळं मनात म्हणून पाहिलं. 'मी येईन' एवढंच दर वेळी गोड लागतं.

खाली 'तुमची' लिहून मग नाव घालावं असं फार मनात आहे. घालू का? तुम्हाला काय वाटतं?

चारुलता