हीटिंगच्या रकान्यातलं घर

३० मे २०२१, रविवार
नाही, तूच सांग. नुसती माझी डायरी वाचून शहाणपणा करू नकोस. पाच लिहू की चौदा?
आज शीटमध्ये आमच्याच घराचा नंबर लागला. दोह्याच्या नजमा भागातली जुनी व्हिला, चौदा बॅचलर, म्हणजे बायकापोरं गावी ठेवून आलेले. शहरातल्या घराघराला थंडावा किती लागेल याचा अंदाज काढायचा, ही माझी नोकरी. वर्ल्ड कपच्या आधी जुन्या वस्तीतही नवी मशीनं बसणार म्हणे. पाच माणसं लिहिली तर पाचांपुरतं मशीन. चौदा लिहिली तर शीट बलदियात, इथल्या म्युन्सिपाल्टीत जाणार. आमची गल्ली फॅमिली एरियात, तिथे बॅचलरना राहायला बंदी. मग खलास, चौदा बॅगा रस्त्यावर.
लिहिलं. १ फॅमिली, ५ जण.

२ जून, बुध.
ही शीट कुठल्यातरी थंड देशात बनलेली. हीटिंगचा रकाना आहे. दोह्यात! दर घराला शून्य टाकायचं. मी शून्याआधी तिथे एक ओळ लिहितो, मराठीत. ‘या घरात फ्रिजला कुलूप.’ ‘म्हातारीने तीनदा विचारलं, पाणी घेणार का.’ हीच माझी कादंबरी. ओळ कॉपी करून घेतो, मग शून्य.
सदाकाका खालच्या बंकवरून, ‘लेखक म्हाराज, माजी पन एक वळ टाका की.’ गुहागरचा. लुसैलच्या नव्या टॉवरांत एसीचे डक्ट बसवतो.

७ जून, सोम.
ताप. दुपारी रूमवर. या वेळी इथे पहिल्यांदाच.
उन्हाळ्यात दुपारी बाहेरचं काम बंद, म्हणून सगळे दहालाच परत. एसी गरम वारा फेकतोय. आणि मी शीटमध्ये काय लिहिलंय? ‘दुपारी घरात कोणी नाही.’ कारण दुपारी मी नसतो! अख्ख्या शहरातल्या बॅचलर घरांना हेच लिहिलंय. गाढव.
काका बाथरूमच्या फरशीवर, छातीवर ओला टॉवेल. ओठ पांढरे. हलवलं तर म्हणाला, ‘घरी फोन करू नको हां.’
आमच्या हिशोबात नुसता बसलेला माणूस म्हणजे शंभर वॅट उष्णता. काका = एक बल्ब.
बंकवर पडल्या पडल्या लॅपटॉपवर आमच्या घराच्या रकान्यात ओळ लिहिली.

९ जून, बुध.
अंग अजून कणकणतंय. शीट पाठवली.

१० जून, गुरु.
जोशी मॅडमनी बोलावलं. माझ्या बॉस, नाशिकच्या. वेस्ट बेच्या काचेच्या टॉवरात एसी इतका गार की बाई शाल पांघरून बसतात. ऑफिसात मराठी वाचता येणाऱ्या एकट्या.
स्क्रीनवर आमचं घर. हीटिंग: ‘चौदा जण. काका बाथरूमच्या फरशीवर झोपतो. मी पाच लिहिले.’
शून्य करायचं राहिलं.
‘कविता आहे का ही?’
‘नाही मॅडम. खरंय.’
बाईंनी केबिनचं दार लावलं. मग हळू, ‘रविवारी फायनल जाईल. बदलायचं तर तूच बदल. मी काही वाचलेलं नाही. माझी दोन मुलं इथे शाळेत आहेत, कळतंय ना?’
‘पण मी काय करू?’
‘ते मला नको विचारूस. शून्य तेवढं टाक.’

११ जून, शुक्र.
इथे शुक्रवारची सुट्टी. काकाला सगळं सांगितलं. कांदा चिरत होता.
‘पाचच ऱ्हाऊ दे. रस्त्यावर काय थंड हाय?’
‘काका, मरशील तू.’
‘काय नाय मरत. शिडीवर चक्कर आली तर उतरून बसतो, झालं.’
शिडीवर? हे आत्ता सांगतोय.
‘आनि तुला दुसरी रूम गावंल. तू विंग्रजी झाडतोस. आमी जायाचं कुठं?’
ताट ओढलं. जेवलो. वाटणाची उसळ. बरी होती.

१३ जून, रवि.
माणसं: १४. दुपारी घरात: १४. हीटिंग: ०. सबमिट. बाकीच्या बॅचलर घरांतही दुपारची माणसं भरली. आमच्या घरातल्या बारा जणांना विचारलंच नाही. तेराव्याने नको म्हटलं होतं.
मशीन कधी येईल? इन्शाल्ला. बलदियाचा माणूस मात्र लवकर येईल.
अर्धी सुट्टी टाकून रूमवर. काका फरशीवरच.
‘चौदा पाठवले.’
कोपरावर रेलून उठला. तोंड उघडलं. मी तोवर चप्पल घालून बाहेर.
स्टॉपवर लिहितोय. पेन घामाने सटकतंय. आणि तू, तुला पहिल्याच दिवशी विचारलं होतं. आता सांगू नकोस. बस आली.