बिनफवारणीचा हरभरा

१८ नोव्हेंबर
आजपासून रोज नोंद. मी हुमनाबादच्या कॉलेजात बॉटनी शिकवतो, आणि वैज्ञानिकाला रोजनिशी हवीच.
राजेश्वर गावच्या आमच्या दोन एकरांत हरभरा फुलावर आलाय. संकल्प : यंदा एकही फवारणी नाही. हरभऱ्याच्या पानांवर बारीक लव असते, तिच्यातून आम्ल पाझरतं. गावात त्याला आंब म्हणतात, पहाटे पिकावर फडकं फिरवून गोळा करतात, पोटदुखीवर घेतात. ही आंब अळीला सोसत नाही. म्हणजे औषधाचं दुकान झाडाच्या अंगावरच! वीस वर्षं हे फळ्यावर लिहिलं. आता शेतात सिद्ध करायचं.
पान चाखलं. दात आंबले. उत्तम.
(मध्यंतरी थोडा युरिया टाकला होता. पीक काळंभोर, लुसलुशीत दिसतं. फोटोला बरं.)

२० नोव्हेंबर
शेजारच्या एकरात नागूबाई आणि तिचा नवरा राघोबा यांचाही हरभरा. बारीक दाण्याचा, सासूच्या वेळेपासून घरचंच बी. नागूबाई निंबोळ्या कुटत होती, अर्क फवारायला. थांबवलं. ती म्हणाली, "आंब मला बी ठावं हाय सर. पण आभाळ आलं की अळी येतीच की." वीस मिनिटं समजावलं. राघोबा म्हणाला, सर शिकलेले हाईत, ऱ्हाऊ दे. ती गप्प बसली. पटलं असणार.
शिवाय शेजारी फवारा उडाला तर माझ्या प्रयोगावर शंका येणार. हे तिला सांगितलं नाही. टेक्निकल आहे.

२ डिसेंबर
प्रिन्सिपॉल सिद्धलिंगप्पांना सहज सांगितलं. खूष. जानेवारीत सगळी पोरं शेतावर आणू म्हणाले. मी नको-नको केलं. तारीख मात्र लगेच सुचवली.

६ डिसेंबर
पाऊस. डिसेंबरात! काल रात्रीपासून धरलाय. असा पाऊस आता दर दोन वर्षांनी येतोच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पाण्याने पीक ताजंतवानं होईल.

८ डिसेंबर
पान चाखलं. काहीच चव नाही. बहुधा मला सर्दी झालीये.
घरी फांदी आणून पूर्णिमाला चाखायला दिली. बायको असली तरी निरीक्षक तटस्थ आहे. म्हणाली, "गवत आहे. आणि ताटात ठेवू नका."
जुन्या नोट्स काढल्या. माझ्याच अक्षरात : पावसाने आम्ल धुऊन जातं, ढगाळ, दमट हवा अळीला मानवते, खताने झाड लुसलुशीत झालं की वाढीमागे लागतं, संरक्षणात कमी पडतं. नोट्स जुन्या आहेत. नव्याने काढायला हव्यात.
नागूबाई भेटली. शेंड्यांवर खसखशीएवढी अंडी दिसायलीत म्हणाली, आता तरी मारू का? मी म्हणालो, चार दिवस थांबा, ऊन पडलं की झाड परत आंब धरेल. मान हलवली तिने. माझ्यावर विश्वास आहे तिचा.

१२ डिसेंबर
चार दिवस झाले. ऊन नाही. नागूबाईचा फोन अकराला आला. उचलला नाही, लेक्चर होतं.
लेक्चर दोनला होतं. पण तयारी करावी लागते.

१५ डिसेंबर
अळ्या. बोटाच्या पेराएवढ्या. तोंड घाट्यात, म्हणजे हरभऱ्याच्या शेंगेत, खुपसलेलं, निम्मं अंग बाहेर. माझ्या शेतात आणि तिच्याही. पाहून कानांच्या पाळ्या तापल्या. बहुतेक बीपी.
उद्या तिला फोन करणार. नक्की.

१६ डिसेंबर
केला नाही.

१७ डिसेंबर
हुमनाबादच्या दुकानात सगळे ओळखतात, म्हणून मन्नाएखेळ्ळीला जाऊन औषध आणलं. दिवस कलताना माझ्या दोन्ही एकरांत फवारलं. स्वतः. डोळे चुरचुरताहेत.
प्रयोग रद्द झालेला नाही. याला 'सहायक हस्तक्षेप' म्हणता येईल.
नागूबाईला सांगणार होतो. ती शेतात नव्हती. घर तीन मिनिटांवर आहे. उशीर झाला होता.

१८ डिसेंबर
नाही, एवढा उशीर झाला नव्हता.

२४ डिसेंबर
माझ्याकडच्या अळ्या गळून पडल्या. नागूबाईने शेवटी न विचारताच अर्क मारला. पण लहान अळीला लागू पडणारं औषध ते, मोठीला काय करणार? बांधावरून पाहिलं. तिचा घाटा हातात घेतला की हलका लागतो. दाबला की आत भुस्सा.
पूर्णिमाला म्हणालो, देशी वाण थोडं कमजोर निघालं. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मग ताट वाढलं.

९ जानेवारी
शेतभेट. चाळीस पोरं, प्रिन्सिपॉल, बॅनरवर 'बिनफवारणीचा हरभरा'. मी पाऊण तास बोललो. झाड स्वतःचं रक्षण कसं करतं, माणसाने संयम कसा ठेवावा. टाळ्या पडल्या.
मग सिद्धलिंगप्पांनी बांधापलीकडे उभ्या नागूबाईला कन्नडात विचारलं, अक्का, तुमचं असं का झालं? मी तिथेच होतो. हातात घाट्यांनी लगडलेली फांदी. पोरं वह्या उघडून उभी.
नागूबाईने एकवार माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "आमचं चुकलं सायेब. उशीर झाला."
पोरांनी लिहून घेतलं.
जेवलो नाही. पित्त झालं असावं.

१० जानेवारी
पित्त नव्हतं.

२ फेब्रुवारी
तिची मळणी आहे असं कळलं. मनात तीन मुद्दे तयार केले : (अ) हवामान, (ब) बियाणं, (क) माझी चूक. (क) शेवटी घ्यायचा ठरवलं.
खळ्यात नागूबाई सुपात पाखडत होती. निम्मं वाऱ्याने उडून जात होतं. पेरायला बी निघेल का, विचारलं. राघोबा म्हणाला, "कशाचं बी सर? सगळं किडकं. औंदा दुसरीकडनं बघायलोय."
(अ) आणि (ब) विसरलो. म्हणालो, मी फवारलं होतं. सतरा तारखेला.
"ठावं हाय," नागूबाई म्हणाली. "ह्यांनी बघितलं की. वाऱ्याच्या तोंडाला उभारून फवारायलाव म्हणले. अंगावर घेतलं सगळं."
मी विचारलं, मग त्या दिवशी सगळ्यांसमोर का नाही बोललात? तर म्हणाली, तुमची पोरं व्हती सर. मास्तराला पोरांम्होरं कसं बोलावं?
मग सूप खाली ठेवलं. "पर एक सांगा. पयल्यांदा मी मारायले तर मला कामून थांबवलंत?"
मी हवामानावर बोललो. आर्द्रता, तापमान, आम्लाचं प्रमाण. बराच वेळ. तिने ऐकून घेतलं आणि परत पाखडायला लागली.

३ फेब्रुवारी, सकाळी साडेसात
झोप नाही. कॉलेजला जायच्या आधी बाईकने राजेश्वरला गेलो. नागूबाई अंगण झाडत होती. उभ्या-उभ्याच सांगितलं : तुमचं औषध माझ्या बाजूला उडालं असतं, प्रयोग बिघडला असता, म्हणून थांबवलं.
तिने झाडणं थांबवलं.
"एवढ्यासाठी?"
हो, म्हणालो. एवढ्यासाठी.
ती उरलेलं अंगण झाडायला लागली. मी उभा होतो तेवढी जागा सोडून.