परतीचा कॅन

प्रिय चिमे,

आधी एक गंभीर तक्रार. तुझा तो पाच लिटरचा कॅन कालपासून पुन्हा आमच्या फ्रिजमध्ये ठाण मांडून बसलाय आणि दुधाला घर सोडावं लागलंय. लघवी दिवसरात्र साठवायची आणि थंड ठेवायची, हा नियम तुझा. फ्रिज मात्र तुझ्या वहिनीचा. तिने दूध शेजारी हलवलं आणि कॅनला वर्तमानपत्र गुंडाळलं, कुणा पाहुण्याला सरबत वाटू नये म्हणून.

ऑपरेशनची तारीख ठरली तेव्हा मी फार विनोद करत होतो, आठवतं? एक मूत्रपिंड आधीच गेलेलं, उरलेल्या एकात खडा, आणि कोपऱ्यावरच्या लॅबचे रिपोर्ट माझ्या शाळेतल्या वर्तणुकीसारखे: समाधानकारक. कॅल्शियम नॉर्मल, मग खडे होतात कशाचे, हे डॉक्टरांनाही कळेना. तू फ्रिजमधला कॅन उजेडात धरलास आणि म्हणालीस, दादा, तुझं कॅल्शियम तळाशी जाऊन बसलंय, ही मंडळी वरचं निवळ तेवढं मोजतात. मग कॅन तुझ्या प्रयोगशाळेत नेऊन खळखळून हलवलास, आम्ल घालून गाळ विरघळवलास आणि त्यातला थेंबभर पातळ करून तुझ्या यंत्राच्या नळीतून सोडलास. नाटक सुटल्यावर माणसं बाहेर पडावीत तसे सगळे वेगवेगळे निघाले. आधी सोडियम, मग पोटॅशियम, मॅग्नेशियम. सगळ्यांत शेवटी कॅल्शियम आलं आणि आलेखावर असं चढलं, की ही पद्धत म्हणजे वेळेची नासाडी म्हणणारे तुझे साहेब चष्मा पुसायला लागले.

सोडियमचा, म्हणजे मिठाचा, डोंगर पाहून तू फोन केलास तो वहिनीला, मला नाही: मीठच कॅल्शियमला लघवीत ओढून आणतं म्हणे. ही फितुरी मी विसरलेलो नाही. त्या दिवसापासून आमच्या ताटातलं मीठ परागंदा आहे. डॉक्टरांनी गोळी बदलली, ऑपरेशन पुढे ढकललं आणि बघू म्हणाले.

आज त्यांनी बघितलं. खडा आपणहून निघून गेलाय, नवा एकही नाही, ऑपरेशन रद्द. वहिनी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली आणि वर मलाच ओरडली, हसतोस काय म्हणून.

उपचारानंतरचा नमुना मिळाला तर तुझी पद्धत कायमची सुरू करू, असं साहेब म्हणालेत, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. तू मागितला नाहीस. त्यात काय निघेल, या भीतीने तुझी जीभ रेटली नसणार. तर कॅन सोबत पाठवतोय. मागच्या वेळी तू देऊन ठेवलेलं आम्ल घातलंय, हलवून घे. उसनं आणलेलं भांडं रिकामं परत करायची आपल्या घरात पद्धत नाही.

तुझाच, एका मूत्रपिंडावर ऐटीत उभा असलेला,
दादा