तो उंट तू का मारला नाहीस

प्रिय चंद्रभागा,

तुझं नाव मी उभ्या जन्मात तोंडानं घेतलं नाही. 'लीलेची माय' म्हणूनच हाक मारत आलो. आज कागदावर पहिल्यांदा लिहितो आहे. रागावणार नाहीस ना?

काल सावली गावच्या दवाखान्यात नवा डॉक्टर आला. मी खोकल्याचं औषध आणायला गेलो आणि सगळ्यांना विचारतो तसं त्यालाही विचारलं, की गाठ असलेल्या बाईला दवाखान्यात खाट उशिरा मिळाली तर त्यानं किती फरक पडतो? तो म्हणाला, "पेशंट कुठे आहे?" मी म्हणालो, "पेशंट गेल्या वर्षी वारली." त्यानं चिठ्ठी लिहून पुढच्या पेशंटला हाक मारली. लीला सोबत होती, तिला लाज वाटली. वाटेत म्हणाली, "बाबा, किती डाक्टरायले विचारसान? आता मायलेच विचारा."

पोरगी चिडून बोलली, पण मला ते पटलं. म्हणून हे पत्र. चौथी शिकलेल्याचं आहे, सांभाळून घे.

ती गाठ तू माझ्यापासून किती दिवस लपवलीस? मांडीवर कोशाचा रेशमी धागा वळता वळता तुझा हात मधेच थांबायचा. मी मागावरून विचारायचो, काय झालं? तर तू म्हणायचीस, "काई नाई जी, हात भरून आला." बाकी गावाची दुखणी तुला तोंडपाठ, आणि स्वतःचं तेवढं झाकून ठेवायचं? मला सांगितलंस तेव्हा गाठ लिंबाएवढी झाली होती.

इलाजासाठी नागपूरला गेलो तेव्हा आपण शेठकडे उतरलो. आपला कोसा तोच घ्यायचा, म्हणून ओळख. त्याच्या दिवाणखान्यात बुद्धिबळाचे मोठे सामने भरले होते. पुण्याचे, इंदूरचे, हैदराबादचे नावाजलेले खेळाडू आले होते, आणि एक जण तापानं पडल्यामुळे एक जागा रिकामी राहिली होती. शेठच्या मुनीमाला तू मागं दोनदा हरवलं होतंस, ते शेठच्या ध्यानात होतं. तो गमतीनं म्हणाला, "काय बाई, बसता का? एक डाव हराल आणि मोकळ्या व्हाल."

तू पदर पुढं ओढून विचारलंस, "हरली तं अजून एक खेळू देसान का?"

"छे. हरेल तो बाहेर."

"मंग नाई हरत."

सगळे हसले. मला वाटलं, दवाखान्यासाठी आलेली बाई, आणि हे काय मधेच?

मुनीमानं तुला विलायती नियम समजावले. प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जाऊ शकतं म्हणाला. तू मान हलवलीस आणि तरीही प्रत्येक प्यादं एकेक घरच चालवलंस, तुझ्या बापानं कापडी पटावर शिकवलं होतं तसं. इंदूरचा एक जण सर्वांना ऐकू जाईल असं बोलला, "बाई धानाच्या रोवण्याला वाकल्यासारखी खेळते." तू वर पाहिलं नाहीस. नुसतं म्हणालीस, "रोवणा हळूच करा लागते, भाऊ." तुझ्याकडून हरल्यावर तो जेवायलाही थांबला नाही.

मग तू जिंकतच गेलीस. लोक दारात, खिडकीत उभे राहून बघायला लागले. मी मात्र दिवस मोजत होतो. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तुला तपासून बजावलं होतं, शनिवारी दुपारी बाराच्या आत आणा, एक खाट रिकामी होते आहे, नाही आलात तर दुसरीला देऊ. आणि शेवटचा डाव नेमका शनिवारी सकाळी.

"नको खेळू," मी म्हणालो.

"बारा वाजाले लय वेळ आहे. तोवर होते."

समोर ते म्हातारे वकील होते. विलायतेत खेळून आलेले, कित्येक वर्षांत न हरलेले. तुझा चेहरा दुखण्यानं पिवळा पडला होता. डाव्या हातानं तू पाटाची कड घट्ट धरली होतीस, ते फक्त मला दिसत होतं. तरी त्यांची मोहरी एकेक करून गेली, आणि राजासोबत एक उंट तेवढा उरला. तो उंट तुझ्या हत्तीच्या तोंडात होता. तू मारला नाहीस.

लोक कुजबुजले, बाईला दिसलं नाही. पुढच्या चालीलाही तू तो सोडलास. मग कोणीतरी म्हणालं, वकीलसाहेबांची चेष्टा करते आहे. वकीलसाहेब तेवढे हसले नाहीत. चष्मा काढून त्यांनी विचारलं, "देशी खेळता का बाई?"

"हो जी."

तुम्हा दोघांना जे कळलं, ते मला उशिरानं आठवलं. आपल्या खेळात समोरच्याचा राजा अगदी एकटा पाडला की बुर्जी होते. तो अर्धाच विजय. पुरा हवा असेल तर एक मोहरा जिवंत ठेवून मात करावी लागते, आणि प्याद्यानं केलेली मात सर्वांत मानाची. वकीलसाहेबही मग तुझ्याच नियमानं खेळू लागले. बुर्जीवर सुटायला प्रत्येक चालीला उंट तुझ्यापुढं टाकायचे, घे म्हणायचे. तू बाजूला व्हायचीस. विलायती रीतीनं तो डाव कधीच संपल्यात जमा होता. तुम्ही दोघं खेळतच होतात, आणि मी भिंतीवरचं घड्याळ बघत होतो. बारा वाजले तेव्हा उंट अजून जिवंत होता.

शेवटी प्याद्यानं मात झाली. वकीलसाहेब उठून उभे राहिले आणि त्यांनी तुला हात जोडले. शेठनं बक्षीस म्हणून कोशाचा शेला दिला. तू काठ उलटून पाहिलास आणि मला हळूच म्हणालीस, "आपल्याच मागावरचा आहे जी." गेल्या वर्षी त्याच शेल्यात तुला स्मशानात नेलं.

दवाखान्याकडे जाताना टांग्यात मी विचारलंच, "तो उंट काऊन नाई मारला?"

"मारला असता तं बुर्जी झाली असती."

"विलायती खेळात बुर्जी नसते, मुनीमानं सांगितलं होतं ना?"

"त्यायच्यात नसन. माह्यात आहे."

दवाखान्यात त्या खाटेवर भंडाऱ्याची एक बाई झोपलेली होती. ती वाचली की नाही, कोण जाणे. आपल्याला पुन्हा खाट मिळेपर्यंत पुढचा शनिवारही गेला होता, आणि मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता कापून उपयोग नाही. मूल गावापर्यंत रेल्वेनं आणि पुढं बैलगाडीनं तुला घरी आणलं. प्रत्येक खड्ड्यात तू माझा हात दाबायचीस.

जावई म्हणतात, बुद्धिबळाच्या पटापायी गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, तेवढ्या दिवसांनी काही बिघडलं नाही, दुखणंच जुनं होतं. ते खरं, की माझं समाधान करायला बोलल्या? दुसरा डॉक्टर म्हणाला, सांगता येत नाही. तिसऱ्यानं हात झटकले. तू तरी सांग ना.

तू अंथरुणावर असताना मी एकदा विचारलं होतं, खाट हुकल्याचा पस्तावा होतो का? तू म्हणालीस, "तुम्हाले होते ना? मंग माह्या वाट्याचाही तुम्हीच करा." आणि हसलीस. हसताना तुला दुखलं.

मी तो करतोच आहे. कधी वाटतं, उंट मारून वेळेवर निघाली असतीस तर आज समोर बसून धागा वळत असतीस. कधी वाटतं, तरीही गेलीच असतीस, आणि तो डावही मिळाला नसता. यातलं कुठलं जास्त वाईट, हे मला ठरवता येत नाही.

तरी एक वचन देतो, चंद्रभागा. आता कुठल्याही डॉक्टरला विचारणार नाही. कोणी तुझ्याबद्दल विचारलं तर तू नागपूरला जिंकलीस, तेच आधी सांगेन. मी स्वतःला विचारायचं सोडेन, असं मात्र वचन मागू नकोस. ते माझ्याच्यानं होणार नाही.

तुझाच,
लीलेचा बाप