कारखान्याचा जाहीर पाठिंबा

अण्णा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, पण काल ऑफिसात मालकांशी माझं वाजलं तेव्हा माझ्या तोंडून तुम्हीच बोलत होता. निवडणूक तोंडावर आलीय. आमच्या फौंड्रीच्या मालकांना पेपरात जाहिरात द्यायचीय, अमुक उमेदवाराला आमच्या कंपनीचा आणि समस्त कामगारांचा जाहीर पाठिंबा. कंपनीची कायद्याची कामं मी बघते, म्हणून मजकूर माझ्याकडं आला. मी म्हटलं, "साहेब, तुमच्या नावानं द्या, कंपनीच्या नको." ते भडकलेच. "पेठेतल्या तालमी-मंडळं पाठिंबा देतात, युनियन देती, मग कंपनीनंच काय घोडं मारलंय? आणि कंपनी म्हंजे मीच की!"

मला मुरगूडकडच्या साखर कारखान्याची ती वार्षिक सभा आठवली. तुम्ही शाळेत मास्तर, आपण राहायला शहरात, मंगळवार पेठेत, पण गावाकडच्या उसामुळं तुम्ही कारखान्याचे सभासद. माझं कॉलेज चालू होतं. "चल, लोकशाही दावतो तुला," म्हणून तुम्ही मला घेऊन गेलात. मांडव तापलेला, मागून मसालेभाताचा वास. आपल्याकडं सभेची रीतच अशी, की ठराव वाचून संपायच्या आत सगळा मांडव "मंजूर! मंजूर!" म्हणून मोकळा. शेवटचा ठराव येतो, येत्या निवडणुकीत कारखान्याचा अमुक उमेदवाराला पाठिंबा. मंजूर, मंजूर! आणि तुम्ही उभे राहता, टोपी सारखी करता आणि खणखणीत आवाजात म्हणता, "नामंजूर."

"मास्तर, बसा की खाली! भात गार हुतोय," कुणीतरी ओरडतं. चेअरमन हसत विचारतात, "का वो, उमेदवार पसंत न्हाय व्हय?"

"पसंत हाय की! मत मी त्यालाच देणार हाय. पन ते मी देणार, कारखाना न्हाय. तुमास्नी पाठिंबा द्यायचाय तर तुमच्या नावानं द्या, कोण अडवतंय? माझा शेअर हाय हितं, म्हणून माझं तोंड गहाण न्हाय पडलं."

लोक हसले, ठराव मंजूर झाला आणि आपण पंगतीला बसलो. तुम्ही भात दोनदा मागून घेतलात. मी मात्र शरमेनं भात चिवडत बसले.

त्या हंगामात कारखान्यानं आपल्या उसाला तोड सगळ्यात शेवटी दिली. शेजाऱ्यांची रानं मोकळी झाली, आपला ऊस तुरे काढून वाळत उभा. आई कडाडली, "एक शब्द गिळला असता तर पोट फुगलं असतं व्हय?" तुम्ही आणखी एक भाकरी मागून घेतलीत. तेव्हा मला आईचंच पटलं होतं. पुढं कायद्याच्या पुस्तकात वाचलं की कंपनी ही कायद्यानं मानलेली व्यक्ती असते, आणि मला हसू आलं. ही व्यक्ती मतदानाच्या रांगेत कधी दिसली नव्हती. अण्णा, हे तुमच्यामुळं सुचलं. तुमचे उपकार मोठे आहेत, हे कधी बोलायचं सुचलं नाही.

काल मी मालकांना म्हटलं, कर वाढला, वीज गेली तर कंपनीनं खुशाल बोंब मारावी, ते तिचं दुखणं आहे. पण भट्टीवरचा माणूस कुणाला मत देणार, हे तिला काय ठाऊक? युनियनचा त्यांचा मुद्दा मात्र मी मान्य केला. तिथं तरी प्रत्येकाला कोण विचारतं? नोकरी जाते की काय, असं वाटत होतं. संध्याकाळी त्यांनी कंपनीचं आणि कामगारांचं नाव खोडून स्वतःचं लिहिलं आणि कागद माझ्या टेबलावर आपटला. "घ्या वकीलबाई, झालं समाधान?"

हे पत्र कुठल्या पेटीत पडायचं नाही, म्हणून आता एक सांगून टाकते. सभेनंतर तो उमेदवार आपल्या दारात आला होता. चहा पिऊन उठताना त्यानं हात जोडले, तर तुम्ही छाती पुढं काढून म्हणालात, "काळजी करू नका पावणं, आमच्या घरातली चारीबी मतं तुमचीच!" आई, दादा आणि मी तिथंच उभे होतो. माझं ते पहिलंच मत. बाकी तिघांचं मला ठाऊक नाही, पण अण्णा, माझं मी दुसऱ्याला दिलं. तुम्ही विचारलं असतंत, तर सांगितलं असतं.